उपाशी म्हणजे काय?

गेल्या वर्षी आंबेगाव तालुक्यातील आमच्या गावात मधुमेहाच्या पाहणीसाठी काही मंडळी आली होती. 'सकाळी उपाशीपोटी या', एवढीच त्यांची सूचना. माझी चुलती गेली; पण निघण्यापूर्वी तिने कपभर चहा घेतला. विचारल्यावर "उपाशीच आहे" म्हणाली. ती खोटे बोलली नव्हती. एकादशीला चहा चालतो, साबुदाणा चालतो; मग रक्त द्यायच्या उपासाला का चालू नये? चहातल्या साखरेने रक्तातला आकडा चढला आणि पुन्हा तपासणी होईपर्यंत चुलती धास्तावून राहिली.

त्या दिवशी तिला गोड पाणी पाजून दोन तास एका जागी बसवले होते. रानात राबणाऱ्या बाईला ही शिक्षाच! पण चालले की स्नायू साखर वापरतात आणि मोजमाप चुकते, हे तिला कोणी सांगितलेच नाही.

अशा चमत्कारिक सूचनांतून काय साधते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यासाठी दरमहा घरी येऊन पाळीची तारीख विचारली जाई. चारचौघांत न बोलायची गोष्ट! पण तारीख नेमकी असेल तरच गर्भाचे वय कळते. बायांनी ती सांगितली. म्हणूनच पुढे कळले की, आपली बाळे सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या ३.५ किलोच्या बाळांहून हलकी असली, तरी त्यांच्या अंगात चरबी त्या मानाने अधिक असते.

याचा अर्थ मान खाली घालून सारे ऐकावे, असा नव्हे. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपदंश झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना खरा आजार न सांगता औषधावाचून ठेवले गेले. म्हणून आधी 'का?' हे विचारावे. पटले नाही तर नाव काढून घ्यावे. तो आपला हक्कच आहे. मात्र समजून होकार दिल्यावर सूचना तंतोतंत पाळावी आणि चुकलेच तर निःसंकोच सांगावे. संशोधकांनीही 'उपाशी' म्हणून न थांबता 'चहासुद्धा नको, पाणी चालेल' असे स्पष्ट बोलावे.

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले. अंगठा उठण्यापूर्वी तो कागद मोठ्याने वाचून दाखवायचे काम आपले नाही तर कोणाचे?