विठाबाईंची नाळ आणि आपली सोय

विठाबाई नारायणगावकर कोण, असे मराठीच्या कोणत्याही वर्गात विचारावे. उत्तर ठरलेले असते. दिवस भरलेली बाई फडात नाचत होती, कळा सुरू झाल्या, ती आत जाऊन बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली. बहुतेकांचे ज्ञान इथेच संपते. एका थोर कलावतीची सारी कारकीर्द या एका प्रसंगात कोंबण्याला आमचा आक्षेप आहे.

विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपुरात झाला. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडात त्या वाढल्या. १९६२च्या युद्धकाळात त्यांनी जवानांपुढे कला सादर केली. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला आणि १५ जानेवारी २००२ रोजी त्या विपन्नावस्थेत वारल्या. या सनावळीच्या मधल्या जागेत त्या रंगमंचावर नेमके काय करत होत्या? पायातला ठेका नजरेपर्यंत कसा चढे? गण-गौळणीतले शरीर वगात शिरताना कसे बदले? उघड्या माळावरचा समुदाय त्या कशाच्या बळावर धरून ठेवत? या प्रश्नांची उत्तरे द्यायला आपल्या समीक्षेजवळ परिभाषाच नाही.

परिभाषा घडवता येत नाही, असे मात्र नाही. रशियन दिग्दर्शक मेयरहोल्डने १९२०च्या दशकात नटाच्या शरीरासाठी ‘बायोमेकॅनिक्स’ ही पद्धत रचली. धनुष्य ताणणे, दगड फेकणे, थोबाडीत मारणे अशी त्यातल्या पाठांना नावे होती. १९४० मध्ये स्टालिनच्या राजवटीने त्याला गोळ्या घातल्या. पुढे कित्येक वर्षे त्याचे नाव घेणेही धोक्याचे होते. तरीही शिष्यांनी ते पाठ स्वतःच्या शरीरात जपले आणि १९७०च्या दशकात नव्या नटांना शिकवले. आपल्या नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही नावे सांगता येतात. ढोलकीच्या तोड्यावर नाचीचे पाऊल कसे पडते, हे सांगता येत नाही. 

बारामती-इंदापूरच्या परिसरात शिकवणाऱ्यांना हे अधिक बोचावे. बारामती म्हणजे मोरोपंतांचे गाव. तमाशा गाजवणारा रामजोशी मोरोपंतांच्या प्रभावाने कीर्तनाकडे वळला, ही हकिगत आपण उद्धाराची कथा म्हणून सांगतो. डफ सुटला म्हणजे कवी सुधारला, हे गृहीतक त्या कथेत दडलेले आहे आणि अभ्यासक्रमातही तेच मुरले आहे. लावणी शब्दांपुरती शिकवायची, वग कथानकापुरता. देह मात्र वर्गाबाहेर ठेवायचा.

यावर उत्तर मिळते की आम्ही साहित्य शिकवतो, नाच नव्हे. पण बतावणी तर बव्हंशी उभ्या-उभ्या घडते. वगाची छापील संहिता हा नुसता सांगाडा असतो. तोच पुढे ठेवून ‘हा तमाशा’ म्हणणे ही साहित्यनिष्ठा नव्हे, आळस आहे.

नाळेच्या कथेला ‘कलानिष्ठा’ म्हणणेही असेच सोयीचे आहे. सुपारी घेतलेली, तंबूबाहेर प्रेक्षक ताटकळलेले, फडाची पोटे तिच्यावर अवलंबून आणि बाळंतिणीला एका रात्रीची विश्रांती नाही. ही निष्ठेची कथा असेल, तर ती निष्ठा वसूल करणाऱ्या समाजाचीही कथा आहे. आपण टाळ्या वाजवतो आणि त्या समाजातून स्वतःला वगळतो.

चैत्र-वैशाखात आपल्या गावोगावच्या जत्रांत फड येतात. तिथे विद्यार्थ्यांना वही घेऊन पाठवावे. पण ‘तुमची दुःखे सांगा’ म्हणायला नव्हे. हे पाऊल कोणी शिकवले, त्याला फडात काय म्हणतात, दम कुठे घेता, ढोलकीवाला खूण कशी करतो, हे विचारायला. उत्तरे देणारी जुनी माणसे अजून आहेत. त्यांच्यामागे पुन्हा एक करुण कहाणी तेवढी उरली, तर तो दोष तमाशाच्या माथी मारता येणार नाही.