उसाला हिशेब, मग देहाला का नको?
(ऊस विकास विभागाकडून)



लागणीचे दिवस आले की आपल्याकडे हिशेबाला सुरुवात होते. माती परीक्षणाचा कागद खिशात असतो. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश द्यावयाचे, त्यातले नत्र एकदम न टाकता चार हप्त्यांत विभागून द्यावयाचे, हे आता शाळकरी पोरही सांगते. बेणे किती महिन्यांचे, पाण्याची पाळी किती दिवसांनी, मोठी बांधणी कधी, सारे ठरलेले असते. परंतु हाच हिशेबी शेतकरी संध्याकाळी घरी येऊन ताटावर बसला की त्याचा हिशेब संपतो. पुढ्यात येईल ते खायचे, दुखले म्हणजे गोळी घ्यायची आणि फारच झाले तर नागपूर गाठायचे! उसाची घेतो तेवढीही काळजी आपण देहाची घेत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते साखर कारखान्याच्या पत्रिकेतच मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गटाच्या बैठकीला गेल्यावर एखाद्या सभासदाची चौकशी केली, तर पूर्वी उत्तर मिळे, "बाजारात गेले." अलीकडे ऐकू येते, "मिहानले गेले." नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रोडलगत, विमानतळाशेजारी खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, शिवणगाव या गावांच्या शिवारात हा मिहान प्रकल्प उभा राहिला. आपला माणूस तिथे जातो तो बहुधा विमानासाठी नव्हे, एम्सच्या दवाखान्यासाठी. हा दवाखाना ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. त्याच मिहानात ९ मार्च २०२५ रोजी पतंजलीच्या फूड पार्कचे उद्घाटन झाले. संत्र्याचा रस काढणे हे तिथले एक मोठे काम. म्हणजे फळाचा रस काढणारा कारखाना आणि रक्तातली साखर मोजणारा दवाखाना एकाच मिहानात आले! दोन्ही हवेत. संत्र्याला भाव मिळावा आणि रोग्याला औषध मिळावे, याबद्दल कुणाचे दुमत नाही. पण दवाखाना जवळ आला म्हणून दुखणे लांब गेले, असे होत नाही.

दुखणे किती पसरले आहे ते पाहा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात मधुमेहाचे १० कोटी १० लाख रोगी आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख माणसे त्या रोगाच्या उंबरठ्यावर आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयी नवी मार्गदर्शिका काढली. देशातील एकूण रोगराईचा ५६.४ टक्के भार चुकीच्या आहारामुळे आहे, असा अंदाज तिच्यात दिला आहे. हा शहरातल्या गादीवरच्या माणसाचा रोग, असे समजण्याचे दिवस गेले. आज पाण्याची मोटार मोबाईलवरून सुरू होते, बांधापर्यंत मोटारसायकल जाते, मळणीला यंत्र येते. कष्ट कमी झाले ही चांगलीच गोष्ट. पण भूक मात्र नांगर धरणाऱ्या आजोबांचीच राहिली.

आता मूळ मुद्दा, साखरेचा. एका बैठकीत हा विषय निघताच एक सभासद म्हणाले, "साहेब, आपणच साखर सोडली तं कारखाना चालन कसा?" प्रश्न रोकडा आहे, तेव्हा उत्तरही रोकडेच देतो.

साखर सोडा असे आम्ही म्हणत नाही, मोजा असे म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी. ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. साधारण २,००० उष्मांक खाणाऱ्या माणसाला हा हिशेब ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम असा पडतो. सपाट चमचाभर साखर चार-पाच ग्रॅम भरते. दोन-दोन चमच्यांचे चार कप चहा झाले की तिथेच ३२ ते ४० ग्रॅम! पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो साखर लागत असेल, तर माणशी रोज ३३ ग्रॅम झाली. बिस्किटे, मिठाई, थंड पेयांच्या बाटल्या आणि पाहुणचार यांचा हिशेब वेगळाच. उसाच्या रसात १०० मिलिलिटरला १३ ते १५ ग्रॅम साखर असते, तेव्हा तो अगदी कमी प्यावा, असे पोषण संस्थेनेच सांगितले आहे. २०० मिलिलिटरचा एक ग्लास घेतला की २६ ते ३० ग्रॅम साखर पोटात गेली. कुणी म्हणेल, आम्ही गूळ खातो. गुळात थोडे लोह आणि क्षार असतात हे खरे, पण शंभरातले ऐंशीहून अधिक भाग तोही साखरच. गूळ जिभेसाठी खावा, औषध म्हणून नव्हे. संत्र्याचेही तसेच. सोलून चोथ्यासकट खाल्लेले एक संत्रे पोट भरते. रसाच्या ग्लासात तीन-चार संत्री सहज जातात, चोथा मागे राहतो आणि भूक तशीच.

मधुमेह नुसत्या साखरेनेच होतो असे नाही. वाढलेले पोट, बसून काम, आईबापांकडून आलेला वारसा अशी कारणे अनेक आहेत. पण आपल्या हातात सर्वांत सोपे काय, तर चमचा.

राहिला कारखाना. तो सभासदाच्या चहावर चालत नाही. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा २०२५ साली गाठला गेला. उसापासून इथेनॉल होते, बगॅसपासून वीज होते, मळीपासून खत होते. उसाला पुढे मार्ग आहेत. पण चाळिशीत पाय सुन्न पडलेल्या सभासदाच्या शेतात ऊस लावणार कोण? कारखान्याला निरोगी सभासद हवा आहे, गोडखाऊ सभासद नव्हे.

शेतातला दुसरा धडा ताटालाही लागू पडतो. हंगामाच्या शेवटी युरिया मारला तर ऊस हिरवागार दिसतो, पण उतारा घसरतो. अंगावर आलेली सूज आणि बाळसे यांतही हाच फरक आहे. पोषण संस्थेने २,००० उष्मांकांचे दिवसभराचे जे ताट आखून दिले आहे, त्यात भाज्या ४०० ग्रॅम आणि फळे १०० ग्रॅम म्हणजे जवळजवळ अर्धे ताट. धान्य सुमारे २५० ग्रॅम. डाळी, अंडी, मांस मिळून ८५ ग्रॅम. आणि दूध ३०० मिलिलिटर आहे. आपल्या ताटात मात्र पोळी-भाताचा डोंगर असतो आणि भाजी मिठासारखी. पूर्वी ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि पावसाळ्यात काटवल हे सारे शिवारातून येत असे. बागायत झाली, पट्टा पडला, आणि भाजी आठवडी बाजारातून पिशवीत येऊ लागली. नगदी पिकाने हातात पैसा दिला आणि घरचे ताट उघडे केले, हे आपण मान्य केले पाहिजे.

याचा उपाय आमच्याच खात्यातला आहे. आंतरपीक घ्या. सुरू उसाच्या सरीत मेथी, कोथिंबीर, कांदा होतो. पूर्वहंगामीत हरभरा, वाटाणा, कोबी, लसूण होतो. आडसालीत भुईमूग, चवळी होते. मेथी-कोथिंबीर दीड महिन्यात निघते आणि ऊस झाकोळण्याआधी सरी मोकळी होते. विकण्यासाठी नको, घरापुरत्या चार-सहा सऱ्या पुरेत. एवढेच लक्षात ठेवा, की त्या सऱ्यांवर अॅट्राझीन मारू नये. तणनाशक मेथीला ओळखत नाही. बांधावर शेवग्याची दोन झाडे लावा आणि परसात अंबाडीचा वाफा करा.

आणि ही भाजी घरच्या बाईच्या ताटात पोहोचली पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सगळ्यांचे झाल्यावर उरले ते खायचे, ही आपल्या घरांची रीत. शेताच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचले नाही तर आपण पाटकऱ्याशी भांडतो. घरातल्या शेवटच्या ताटाकडे मात्र पाहत नाही. सर्वांनी एकत्र जेवायला बसावे, याला खर्च काहीच नाही.

खर्ऱ्याविषयी थोडक्यात सांगतो. आमच्या या नागपुराकडे उपास मोडत नाही असा एकच पदार्थ आहे, तो खर्रा! सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे हे मिश्रण. नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केले आहे. तोंड उघडेना, तिखट लागेना, अशी तक्रार सुरू झाली तर दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठा. पीक उभे जळाल्यावर फवारणीचा काय उपयोग?

शेवटी, नुसता उपदेश करून आम्ही थांबू इच्छित नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे चार गोष्टी याव्यात, अशी संचालक मंडळास आमची विनंती आहे. एक, माती परीक्षणाच्या शिबिरातच तिशीपुढच्या सभासदांची आणि त्यांच्या घरच्या मंडळींची रक्तातली साखर, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासले जावे. दोन, बेण्याबरोबर प्रत्येक सभासदाला मेथी, कोथिंबीर आणि हरभऱ्याचे घरापुरते बियाणे द्यावे. तीन, कारखान्याच्या बैठकीत बिस्किटाऐवजी फुटाणे-शेंगदाणे असावेत, चहा बिनसाखरेचा यावा आणि साखर बाजूला, घेणाऱ्याने चमच्याने मोजून घ्यावी. चार, ही तपासणी तोडणीला येणाऱ्या मजुरांच्या तळावरही व्हावी. आपला ऊस त्यांच्या मनगटावर कारखान्यात पोहोचतो.

सभा मंजूर करील तेव्हा करील. तोवर प्रत्येकाने घरी जाऊन आजच्या चहातला एक चमचा कमी करावा आणि उद्या सकाळी बांधावर मोटारसायकल न नेता पायी जावे. सवलतीच्या साखरेचा हक्क प्रत्येकाने जरूर घ्यावा. फक्त ती महिनाभर पुरवण्याऐवजी दोन महिने पुरवून दाखवावी. मिहानला आपण जरूर जाऊ. पण संत्री विकायला, नातू विमानात बसवायला जाऊ. इन्सुलिनची रांग धरायला जाण्याची पाळी न येवो, एवढीच आमची इच्छा.