विनोदी मालिका पाहून हसू आलेच पाहिजे का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या दवाखान्यात नेहमी येणारे एक निवृत्त तलाठी तपासणीसाठी आले होते. वय ७१. रक्तदाब थोडा चढलेला, साखर ठीक. वर्षभरापूर्वी पत्नी वारल्या, मुलगा पुण्यात. घरी एकटेच. चेहरा उतरलेला पाहून मी गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर एक फुकटचा सल्लाही दिला. ‘‘भाऊसाहेब, रात्री बातम्या बघत बसू नका. टीव्हीवर काहीतरी विनोदी लावत जा. हसत राहा.’’

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. जाता जाता दाराशी थांबून म्हणाले, ‘‘डॉक्टर, एक विचारू? तुम्ही सांगितलं म्हणून रोज विनोदी कार्यक्रम बघतो. तिथले सगळे पोट धरून हसतात. मला हसूच येत नाही. माझ्यात काही बिघडलंय का?’’

मी त्यांना परत बसवले. बाहेर रुग्णांची गर्दी होती, पण पंधरा दिवसांपूर्वी जे विचारायला हवे होते ते मी आता विचारले. झोप कशी आहे? जेवण जाते का? कशात मन लागते का? जगणे नकोसे वाटते का? झोप तुटक, पण लागत होती. दोन वेळा जेवत होते. सकाळी पेपर, संध्याकाळी मारुतीच्या देवळापर्यंत फेरी, हे सारे चालू होते. शेवटी जरा संकोचून म्हणाले, ‘‘नातवानं मोबाइलवर ती जुनी टिपरेंची मालिका लावून दिलीय. ती रोज बघतो. तिच्यातही मोठ्यानं हसू येत नाही. पण बरं वाटतं.’’

वाचकहो, त्या दिवशी नैराश्याच्या आजाराची लक्षणे मला त्यांच्यात दिसली नाहीत. दिसले ते दुःख आणि एकटेपण. आणि माझ्या ‘हसत राहा’ने त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवले होते, हेही दिसले.

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका २००१ साली सुरू झाली. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावर ती आधारलेली होती आणि त्यातले आबा त्यांनीच उभे केले. याच प्रभावळकरांनी त्याआधी दूरदर्शनवर चि. वि. जोशींचा चिमणराव साकारला होता. चिमणराव पाहताना हसून पुरेवाट होई. टिपऱ्यांच्या घरात तसे नव्हते. आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडे एवढेच ते घर. रुसवे-फुगवे, पैशांची ओढाताण, पोरांचे हट्ट. तरीही त्या वेळी कित्येक घरांत जेवणाची पाने त्या मालिकेच्या वेळेनुसार मांडली जात.

त्याआधी १९८८ साली दूरदर्शनवर ‘वागले की दुनिया’ आली होती. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला मध्यमवर्गीय नोकरदार, कुंदन शहांचे दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. आम्ही कॉलेजची पोरे हॉस्टेलच्या टीव्हीसमोर दाटीवाटीने बसून ती पाहत असू. किती वेळा मोठ्याने हसलो, हे आज आठवत नाही. मात्र वागले पाहताना घरी चाळिशीतच थकलेले वडील आठवायचे आणि त्यांच्यावरचा राग थोडा निवळायचा, हे पक्के आठवते.

आता कोणी म्हणेल, हसूच येत नसेल तर तिला विनोदी का म्हणायचे? हा आक्षेप आमच्या घरातूनच आला. सौ. म्हणाल्या, ‘‘मिळमिळीत लिहायचं आणि वर वास्तववादी म्हणून मिरवायचं, अशाही मालिका असतात.’’ खरे आहे. नुसते संथ असणे हा काही गुण नव्हे. वरणभात साधा असतो, पण मीठ लागतेच. अशा मालिकेतले मीठ म्हणजे माणसाकडे पाहण्याची नजर. माणूस चुकतो, खोटे बोलतो, फजीत पावतो. तरी लिहिणारा त्याला तुच्छ लेखत नाही. शेवटी घर मोडत नाही, सगळे पुन्हा एका ताटाला बसतात. ही नजर असेल तर अर्ध्या तासात एकदाच ओठ हलले तरी पुरे. ती नसेल, तर मिनिटाला दहा विनोद करूनही पाहणारा एकटाच राहतो.

यात वैद्यकाचाही एक मुद्दा आहे. रॉबर्ट प्रोवाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने बाजारात, रस्त्यांवर माणसे केव्हा हसतात याची निरीक्षणे केली. सुमारे १२०० प्रसंग नोंदले. त्यांतले फार तर पाचवा हिस्सा हसणे कुठल्या विनोदासारख्या बोलण्यानंतर आले होते. बाकीचे ‘बरं, निघतो मी’ अशा साध्या बोलण्यानंतर. एकट्यापेक्षा सोबतीत माणूस सुमारे तीसपट अधिक हसतो, असेही त्यांना आढळले. म्हणजे हसणे हे बरेचसे सोबतीचे लक्षण आहे. रिकाम्या घरात टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला हसू आले नाही, तर त्यात बिघाड कसला?

मोठ्याने हसण्याचे महत्त्व मी कमी करत नाही. मनसोक्त हसल्यावर वेदना सहन करण्याची ताकद काही काळ वाढते, असे ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या प्रयोगांत दिसले आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईच्या एका बागेत हास्यक्लब सुरू केला, तो आज गावोगावी पोचला आहे. ज्यांना तिथे आनंद मिळतो त्यांनी जरूर जावे. (हर्नियाचा त्रास असेल किंवा पोटाचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.) पण लक्षात घ्या, तिथेही दहा माणसे एकत्र येतात. घरात हवे तेव्हा ती आणायची कुठून? सौम्य मालिका काही अंशी ही उणीव भरून काढते. ती तुमच्याकडे हसू मागत नाही, नुसती शेजारी येऊन बसते. तापातून उठलेल्याला आपण मिसळ देत नाही, मऊ भात देतो. ताज्या दुःखातल्या माणसाचेही तसेच.

म्हणून माझे मत आता असे झाले आहे, की अशा मालिकेकडून हशाचा हिशेब मागू नये. ती पाहून उठताना घरातल्या माणसांविषयी मन थोडे मऊ झाले का, एवढेच विचारावे.

मात्र दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पहिली, मालिका म्हणजे औषध नव्हे. विनोदाला हसू न येणे वेगळे आणि कशातच गोडी न वाटणे वेगळे. उदासी किंवा सगळ्याविषयी निरिच्छा दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-भूक बिघडली, जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांकडे जा. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका.

दुसरी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला टीव्ही लावून देऊन आपण मोकळे होऊ नका. अर्धा तास शेजारी बसून तीच मालिका पाहा.

भाऊसाहेबांना मी गोळी बदलून दिली नाही. त्यांच्या गल्लीत राहणारे एक निवृत्त कोतवालही एकटेच असतात, हे मला ठाऊक होते. ‘‘त्यांना बोलवा, दोघे मिळून टिपरे बघा,’’ एवढे सांगितले. हल्ली दोघे तपासणीला बरोबरच येतात. बाकड्यावर बसून कालच्या भागावर वाद घालतात, आणि आत मला कधी कधी त्यांच्या हसण्याचा आवाज ऐकू येतो.