शेपटावर निभावले, त्याचे काय?

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. नळांतील दाब उतरला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. सारा देश हळहळला, चौकशी समिती नेमली गेली. त्यानंतर आठवड्याभरातच आपल्या परभणीच्या जिल्हा रुग्णालयात रात्रीच्या वेळी झाडाची फांदी ऑक्सिजनच्या नळावर कोसळून नळ फुटला. येथे मात्र डॉक्टर व कर्मचारी यांनी अतिदक्षता विभागातील रुग्णांना तातडीने सिलिंडर जोडले, आणि अनर्थ टळला. जिवावरचे शेपटावर निभावले, असे म्हणून आपण मोकळे झालो.

माझ्या मते, विज्ञानाच्या दृष्टीने परभणीची घटना नाशिकच्या घटनेइतकीच मोलाची आहे. जीव गेला तरच चौकशी, ही आपली रीत मुळातच अशास्त्रीय होय. काय मोडले, हे दोन्हीकडे कळते. परंतु कशाने तारले, हे जेथे लोक वाचले तेथेच शोधावे लागते.

त्या रात्रीचे गणित पाहा. एका मोठ्या, म्हणजे 'जंबो' सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर, म्हणजेच ७००० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला १० लिटर घेणाऱ्या रुग्णाला तो ७०० मिनिटे, म्हणजे साडेअकरा तासांहून थोडा अधिक पुरेल. मिनिटाला ६० लिटर लागत असतील तर दोन तासही नाही! मग भरलेले सिलिंडर किती होते, खाटेपासून किती अंतरावर होते, झडप उघडण्याचा पाना कोणाच्या हाती होता, पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आले? अशा प्रश्नांची उत्तरे मिनिटांच्या हिशेबाने लिहिली गेली, तर ती जिंतूरच्या आणि गंगाखेडच्या रुग्णालयालाही उपयोगी पडतील. आपण मात्र सत्कार करतो, हार घालतो. हार जरूर घालावा. पण हार दुसऱ्या दिवशी सुकतो.

हे काही नवे नाही. अमेरिकेत बोस्टन येथे जेफ्री कूपर नावाच्या अभियंत्याने (डॉक्टराने नव्हे, हे ध्यानात घ्या) भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्यांच्या हातून घडलेले व घडता घडता राहिलेले प्रसंग विचारले. युद्धकाळात वैमानिकांच्या अभ्यासासाठी वापरलेलीच ही पद्धत होती. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात टाळता येण्याजोगे ३५९ प्रसंग होते, आणि त्यांपैकी ८२ टक्क्यांत मानवी चूक होती. श्वासाची नळी निसटणे, एका औषधाच्या जागी दुसरी सिरिंज उचलणे, असे साधेच प्रकार! कूपरने माणसांना दोष देण्याऐवजी यंत्रे व कामाची पद्धत यांकडे बोट दाखविले.

यंत्र चूक कशी अडविते, याचे एक सुंदर उदाहरण भूल देण्याच्या यंत्रावरच आहे. तेथील लहान सिलिंडरांत एकात ऑक्सिजन असतो, दुसऱ्यात नायट्रस ऑक्साइड. रंग निराळे असले तरी घाईत, अंधारात डोळा फसतो. म्हणून यंत्रावर दोन खुंट्या आणि सिलिंडरच्या झडपेवर दोन भोके असतात, व प्रत्येक वायूसाठी त्यांच्या जागा वेगळ्या असतात. खुंट्या अखंड असतील, तर चुकीचा सिलिंडर बसतच नाही.

आपल्याकडे अशी नोंद करावयास माणूस कचरतो, कारण लिहिणाऱ्याच्याच माथी दोष येतो. ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय असा की, नोंदीतून नावे काढून टाकावीत. अमेरिकेत वैमानिकांच्या अशा नोंदी १९७६ पासून नासा ही संस्था गोळा करते, आणि लिहिणाऱ्याची ओळख पुसून त्या प्रसिद्ध करते. रुग्णालयांच्या नोंदीही याच रीतीने कपाटाबाहेर आल्या पाहिजेत.

शिक्षकबंधूंनी ही सवय शाळेच्या प्रयोगशाळेतच लावावी. बर्नरची रबरी नळी निसटली पण कोणी वेळीच तोटी बंद केली, आम्लाची बाटली कलंडता कलंडता राहिली, असे प्रसंग प्रत्येक तुकडीत घडतात. त्यांसाठी दाराशी एक वही टांगावी. तिला दोनच रकाने पुरेत: काय घडता घडता राहिले, आणि कशामुळे राहिले. हजेरी क्रमांकाचा रकाना नको.