दगडात कोरलेले श्रमिक

लंडनच्या बिशप्सगेट रस्त्यावर नॅशनल प्रोव्हिन्शियल बँकेची १८६५ साली पुरी झालेली इमारत अद्याप उभी आहे. वास्तुकार जॉन गिब्सन. दर्शनी बाजूस कोरिंथियन स्तंभांची रांग, माथ्यावर पुतळे, आत काचेच्या घुमटांतून उजेड घेणारे एकच भव्य दालन. इतक्या मोलाच्या जागेवर एकच मजला बांधणे ही उधळपट्टी नव्हती, तो धंद्याचा हिशेब होता. ठेवींना सरकारी हमी नव्हती. ठेवीदारापुढे ठेवायचे तारण म्हणजे हा दगडी थाटच.

परंतु खरी बोलकी आहेत ती जॉन हॅनकॉक यांची उठावशिल्पे. शेती, कारखानदारी, जहाजबांधणी, खाणकाम! भांडवलाच्या मंदिराला शोभेसाठी श्रमच लागावेत, यात विनोद आहे तशी कबुलीही आहे. संपत्ती कोठून निर्माण होते हे बँकेला पक्के ठाऊक होते. आणि वर्षे कोणती? अमेरिकन यादवीमुळे कापूस अडला होता, लँकेशरचे बेकार गिरणीकामगार धर्मादाय मदतीवर दिवस काढीत होते. त्याच टंचाईने मुंबईत कापसाचे भाव चढले, सट्टा फुगला आणि १८६५ साली कोसळला. बँक ऑफ बॉम्बे त्यातून सावरली नाही. लंडनमध्येही १८६६ च्या मे महिन्यात ओव्हरेंड गर्नी ही मातबर पेढी बुडाली.

ही वास्तू पाडण्याचे बेत विसाव्या शतकात झाले आणि बारगळले, हे उत्तम झाले. ‘भांडवलदारांची इमारत, पडली तर पडली’ हा उतावळा क्रांतिकारकपणा आहे. तिच्या जागी कामगारांची घरे उठली नसती, आणखी उंच कचेरी उठली असती. तशी ती १९८० पर्यंत शेजारी उठलीच.

बँक मात्र टिकली नाही. ती १९७० साली नॅशनल वेस्टमिन्स्टरमध्ये विलीन झाली, २००० साली ती बँक रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या पोटात गेली, आणि २००८ च्या अरिष्टात या समूहाला वाचविण्यासाठी ब्रिटिश जनतेचे ४५ अब्ज पौंडांहून अधिक ओतावे लागले. सरकारने शेवटचा हिस्सा २०२५ साली विकला तेव्हा सुमारे १० अब्ज पौंडांची खोट जनतेच्या माथी राहिली. जुने दालन आता मेजवान्यांसाठी भाड्याने मिळते. वारसा-संरक्षणाचा कायदा भिंतींना हात लावू देत नाही, पण दार कोणासाठी उघडावे याविषयी तो मुका आहे. त्या कायद्यात सार्वजनिक प्रवेशाचे कलम घालण्याची मागणी आता कामगार संघटनांनीच लावून धरली पाहिजे.