रान वाढवणाऱ्याला रानाची धास्ती नको

अलिबागहून मुरुड-श्रीवर्धनकडे जाताना दिसणारे बोडके डोंगर पाहून इथे पहिल्यापासून गवतच असावे, असे वाटते. तसे नाही. जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान असलेले फणसाड आज अभयारण्य आहे आणि या मातीत, या पावसात काय उभे राहते हे तिथे दिसते. बाकीचा बराचसा डोंगर खाजगी मालकीची वरकस जमीन. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला तिथून कवळ, म्हणजे झाडांच्या फांद्या-पाला, आणि गवत यायचे. भातकापणी उरकली की गुरे मोकळी सुटायची. राब कमी झाले, चराई आणि वणवा मात्र राहिले.

या उजाडपणाचा सगळा दोष गुरांच्या माथी मारणे सोपे आहे. इतिहास वेगळे सांगतो. रामचंद्रपंत अमात्यांचे मराठेशाहीतले आज्ञापत्र आरमारासाठी लाकूड मिळवायला सांगते, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू देत नाही. जीर्ण झाड हवेच असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे असा दंडक घालते. झाड वाढवणाऱ्याचा त्यावर हक्क आहे, ही जाण त्यात होती. 1878च्या वन कायद्याने ती मोडली. पुढे अशाच वन कायद्यांच्या जाचाविरुद्ध उठलेल्या जंगल सत्याग्रहींवर 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि आठ जण हुतात्मा झाले.

स्वातंत्र्यानंतर 1964च्या कायद्याने ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडे स्वतःच्या जमिनीतही विनापरवाना तोडायला बंदी आली. 30 ऑगस्ट 1975पासून खाजगी वने सरकारजमा झाली. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालकी कोणाचीही असो, जंगल ते जंगलच, असे ठरवले. या निर्णयांनी पुष्कळ रान वाचवले, हे मान्यच करायला हवे. पण मालकाने त्यातून एकच धडा घेतला: झाडोरा माजला की जमीन हातची जाते, त्यापेक्षा दरवर्षी डोंगर साफ केलेला बरा.

खरे तर इथे रान आणायला खड्डे आणि रोपे ही पहिली गरज नाही. चरून खुरटलेल्या माळावर ऐन-किंजळाचे जुने बुंधे जमिनीत जिवंत असतात. दर पावसाळ्यात त्यांना धुमारे फुटतात आणि दर उन्हाळ्यात ते खुडले किंवा जाळले जातात. करवंदीची जाळी बाजूला सारून पाहावे. आत पाखरांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांपासून उगवलेली जांभळाची, आसाण्याची रोपे हमखास सापडतात, कारण काट्यांत गुरांचे तोंड जात नाही. याच रायगड जिल्ह्यात नेरळच्या बाजूला 1994मध्ये काही मित्रमंडळींनी झाडे तोडलेली सुमारे 64 एकर जमीन घेऊन ‘वनवाडी’ हा प्रकल्प उभा केला. तिथेही भर राहिला तो राखणीवर, आणि रान आपल्या पायांनी परत आले.

राखण म्हणजे गुराख्याला हाकलणे नव्हे. डोंगराचे तुकडे पाडून आळीपाळीने बंद ठेवावेत, बंद तुकड्यातले गवत दिवाळीनंतर कापून त्यालाच द्यावे, वणव्याआधी जाळरेषा काढायची मजुरीही त्यालाच मिळावी. गावाची संमती नसलेले कुंपण एका काडीने निकामी होते.

2024च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. इथल्या डोंगरांचे प्लॉट पडत आहेत. मालकापुढे आज विकणे किंवा जाळून मोकळे ठेवणे, हेच दोन सोपे मार्ग आहेत. तिसरा मार्ग सरकारने खुला करावा. जो आपल्या चराऊ जमिनीवर स्थानिक झाडांचे रान राखायला घेतो, त्याची नोंद सुरुवातीलाच व्हावी. जमीन त्याचीच राहील, मध, फळे, पालापाचोळा आणि ठरलेल्या प्रमाणात लाकूड त्याला घेता येईल, अशी लेखी हमी दोन पिढ्यांसाठी द्यावी. ऐनाला वाढायला तेवढा काळ लागतोच. कायद्यानेही तेवढाच लांबचा विचार करायला हवा.