सिलिकॉनवर सिलिकॉन

जूनची पहिली मोठी सर येऊन गेली की कॅम्परव्हॅनवाले आपल्या शेडच्या दारात उभे राहतात. छताची खिडकी गळतेय म्हणतात. पुढे काय होते ते आपण सगळेच जाणतो. पोरगा शिडीवर चढतो, फ्रेमभोवती सिलिकॉनचा जाड थर मारतो, त्यावरून बोट फिरवतो आणि तासाभरात गाडी बाहेर. आठ-पंधरा दिवसांनी ती परत आली, तर आणखी एक थर.

हे आता थांबवू या. सुकलेल्या सिलिकॉनला नवे काहीच धड चिकटत नाही, नवे सिलिकॉनसुद्धा नाही. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या स्वस्त नळीतून सुकताना ॲसिटिक आम्ल सुटते आणि कापलेल्या पत्र्याची उघडी कड तेच खाते. वरून मारलेला थर आत गेलेले पाणी बाहेर पडू देत नाही, ते वेगळेच. मालकाला गळती थांबल्यासारखी वाटते आणि आतला प्लाय निवांत कुजत राहतो.

थेंब जिथे पडतो तिथेच पाणी शिरले असेल, असेही नाही. ते छताच्या बरगडीवरून, इन्सुलेशनच्या पाठीमागून वाहत जाते आणि गाडी ज्या बाजूला कलून उभी असेल तिकडे उतरते. म्हणून आधी आतली पट्टी काढा आणि कापाच्या कडेला टिश्यू पेपर चिकटवा. मग पाइपने, जोर न लावता, खालच्या अंगापासून पाणी सोडा. एका वेळी एकच बाजू, आणि प्रत्येक बाजूनंतर पाच-दहा मिनिटे थांबणे. सगळ्या छतावर एकदम पाणी मारले तर गळते एवढेच कळेल, कुठून ते नाही.

कधी कधी तर गळती नसतेच. थंड हवेच्या ठिकाणी दोन माणसे बंद गाडीत झोपली की श्वासातली वाफ खिडकीच्या थंड पृष्ठभागावर जमते आणि पहाटे टपकू लागते. बऱ्याच खिडक्यांना हवेसाठी कायमची फट ठेवलेली असते; धूळ येते म्हणून ती टेपने बुजवणारे आपल्यातच आहेत.

गळती खरी असेल तर खिडकी उतरवावीच लागते. उन्हात तापलेल्या छतावर अचानक सर आली आणि तापमान चाळीस अंशांनी घसरले, तर ४०० मिलीमीटरची प्लॅस्टिकची फ्रेम एक मिलीमीटरहून जास्त आकसते. पोलादी पत्रा जेमतेम ०.२ मिलीमीटर. हा फरक रोज सांध्यावर येतो. त्यामुळे मऊ राहणारी ब्युटाइल टेप इथे टिकते आणि कडक होणारा माल कडेने सुटतो. फ्रेमला कोणता सीलंट चालतो, ते खिडकीसोबतच्या कागदावर लिहिलेले असते. तो कागद फेकू नका. काही पॉलियुरेथेन सीलंटमुळे ॲक्रिलिकला आणि पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात.

जुना माल प्लॅस्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडा. इथे थिनरचा डबा हाताशी असतो आणि घात तिथेच होतो: एनसी थिनरने ॲक्रिलिक पांढरे पडते, त्यावर जाळी उमटते. पत्र्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे. गंज काढून कापाच्या कडेला प्रायमर द्या, कीस छतावर राहू देऊ नका, नाहीतर त्याच्याच तांबड्या रेघा उठतील. छताला पन्हाळ्या असतील तर त्या खोलगट जागा टेप दाबून भरल्या जाणार नाहीत. पत्र्याच्या घडीला जुळणारी बैठक आधी बसवावी लागते. स्क्रू समोरासमोरचे, हाताने आवळायचे. ड्रिलमशीनने आवळले की सगळी टेप पिळून बाहेर येते आणि फ्रेम वाकते. गाडी रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा हलकेच आवळा आणि तीच पाण्याची परीक्षा परत घ्या.

या कामाला दीड-दोन दिवस लागतात आणि मालक कुरकुरतो. खिडकी उतरवल्यावर गंजलेल्या कडेचा, काळ्या पडलेल्या प्लायचा फोटो काढून त्याला पाठवा. अंदाजपत्रकही दोन टप्प्यांत द्या, उघडण्याचे वेगळे आणि आत जे निघेल त्याचे वेगळे. आत काय आहे ते न पाहता एकच आकडा सांगणारा शेवटी स्वतःच्या खिशातून प्लाय बदलतो.

आणि तासाभरातच गाडी हवी असे कोणी म्हणालाच, तर छतावर ताडपत्री बांधून द्या. पैसे ताडपत्रीचे घ्या, दुरुस्तीचे नको.